हसलो, पण कुणाच्या जिवावर?



आज तमाशावर बोलायचंय. काहींनी नाकं मुरडली, दिसलं मला. मुरडा. मी पिंपरीच्या वस्तीत वाढलो. बाप कारखान्यात हमाल. थेटरचं तिकीट आम्हाला परवडायचं नाही. आमचं नाटक, गाणं, सगळं जत्रेतल्या कनातीत.

हलगी तापली, ढोलकी कडाडली की बाप मला खांद्यावर घ्यायचा. गण व्हायचा, मग गवळण. मावशीनं कमरेवर हात ठेवला की सगळी कनात फुटायची. पाळ्या करून पिळून निघालेला माझा बाप त्या एका रात्री डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसायचा. ते हसू मी विसरणार नाही.

तळेगाव-चाकण रस्त्यावर इंदुरी आहे. तिथले दादू इंदुरीकर. 'गाढवाचं लग्न'मधला त्यांचा सावळ्या कुंभार आठवा. गाढवासाठी थेट राजाची पोरगी मागतो! राजापुढं वाकायचं सोडून त्यालाच शब्दात पकडतो. साहेबापुढं मान खाली घालणारी माणसं त्या रात्री सावळ्याबरोबर ताठ व्हायची. दादू १९८० साली गेले. सावळ्या अजून आपल्या बोलण्यात आहे.

पण एका जत्रेत खेळ संपल्यावर मी कनातीमागं गेलो. रात्रभर आम्हाला हसवणारा सोंगाड्या ओंजळ धरून उभा होता. एकजण वरून पाणी ओतत होता. हाच माणूस पहिल्या रांगेत बसून सर्वात मोठ्यानं हसला होता. हसू चाललं, हंडा बाटत होता. बाप एवढंच म्हणाला, "चल घरी."

चाकणवरून नाशिक रस्त्यानं वर गेलं की नारायणगाव. विठाबाईंचं गाव. १९५७ ला राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव, १९९० ला पुन्हा. खेळ चालू असताना विठाबाई बाळंत झाल्या आणि परत बोर्डावर उभ्या राहिल्या, ही गोष्ट लोक कौतुकानं सांगतात. मला कौतुक वाटत नाही, राग येतो. बाळंतपणाच्या रजेचा देशभराचा कायदा १९६१ साली आला. फडातल्या बाईला रजा कोण देणार होतं? शिट्ट्या मारणारे? २००२ साली विठाबाई गेल्या. शेवटचे दिवस हलाखीत काढले. पदकानं दवाखान्याचं बिल भागत नाही.

महाडच्या लढ्यासाठी पठ्ठे बापूराव खेळाचे पैसे द्यायला आले, तेव्हा बाबासाहेबांनी ते नाकारले, असं सांगतात. आपल्या बाया नाचवून आलेला पैसा नको, हे त्यामागचं म्हणणं. तरुणपणी मला हे कठोर वाटायचं. कनातीमागचं ते पाणी आठवलं आणि कळलं. पण ढोलकी आपल्या माणसांनी फेकली नाही. भीमराव कर्डकांच्या जलशानं ती उचलली. अण्णाभाऊंनी तमाशाचं लोकनाट्य केलं आणि कामगाराला बोर्डाच्या मधोमध उभं केलं.

म्हणून तमाशावर प्रेम करा, माझंही आहे. पण तुमच्या गावच्या जत्रेची सुपारी ठरेल तेव्हा कमिटीत बसा. नाचणारीच्या हातात किती पडतात ते विचारा. ती आजारी पडली तर काय, तेही विचारा. ती कपडे कुठं बदलणार, जेवणार कुठं, पाणी कशातून पिणार, हे आधी ठरवा. मग कनातीत जाऊन बसा, पोट धरून हसा.

जयभीम.