दोरीवरचं घर



माझी मुलगी कॅलिफोर्नियात राहते. तिच्या परसात साखरपाण्याची बाटली टांगलेली आहे. त्यावर येणाऱ्या हमिंगबर्डचे फोटो ती मला पाठवते. पाखरू हवेत जागच्या जागी थबकलेलं! एकदा तिनं विचारलं, "अब्बा, आपल्याकडे हा का नाही?"

हमिंगबर्ड फक्त उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत असतो. आपल्याकडे आहे तो शिंजीर. चणीनं तसाच, पण कूळ वेगळं. चाकणची तिसरी पाळी करून मी सकाळी निगडीला घरी येतो, तेव्हा गॅलरीतल्या जास्वंदीवर तो हजर असतो. हा सहसा तरंगत राहत नाही. फांदीवर बसतो आणि फुलाच्या बुडाशी भोक पाडून मध पितो. म्हटलं, बसलेल्या पाखराचा फोटो काय अवघड! पण पहिल्या वीस फोटोंत नुसता काळा ठिपका. नराची ती जांभळी झळाळी पिसांच्या बारीक रचनेवर ऊन खेळल्यामुळे दिसते. मी ऊन पाठीवर घेऊन उभा राहिलो, तेव्हा कुठे रंग उजळला.

मादी मातकट, पोटाशी पिवळसर. तिच्याकडे मी कॅमेरा वळवलाच नव्हता. मार्चमध्ये तिनं आमच्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर घरटं बांधलं. कोळ्याची जाळी, गवताच्या काड्या, वाळकी पानं, आणि दारावर इवलीशी पडवी. अंडी ती एकटीच उबवते, साधारण दोन आठवडे. बायकोनं दोरी तिला देऊन टाकली. माझा गणवेश घरात पंख्याखाली वाळू लागला.

मुलगी म्हणाली, "अब्बा, घरट्याचा फोटो पाठवा ना." मी कॅमेरा घेऊन दार उघडलं, तशी मादी भुर्रकन उडाली आणि समोरच्या तारेवर बसून ओरडू लागली. मी मुकाट्यानं दार लावून घेतलं. ती परतली.

मला आठवलं, मुलगी तान्ही असताना माझी झोपमोड होऊ नये म्हणून तिची अम्मी तिला घेऊन याच गॅलरीत दुपार काढायची. आमच्या अल्बममध्ये मुलगी आहे, मी आहे. अम्मी क्वचितच.

मी मुलीला फोटो पाठवला तो पंख्याखाली ओला गणवेश पसरणाऱ्या तिच्या अम्मीचा. लगेच फोन आला. म्हणाली, "अब्बा, अम्मीला द्या."