जुळ्यांचे हात

माझ्या वर्गांत एकदां दोन जुळे भाऊ होते. चेहरा, आवाज, चाल इतकी एकसारखी कीं, हजेरी घेतांना मी नेहमीं फसें. पाट्या निघाल्या म्हणजे मात्र ओळख पटे. थोरला उजव्या हातानें लिही, धाकटा डाव्या. “भावाला जमतें, तें तुला कां जमूं नये?” असें म्हणून मी धाकट्याच्या बोटांवर छडी मारीत असें.

माझा प्रश्नच चुकीचा होता, हें पुष्कळ वर्षांनीं वाचनांत आलें. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांच्याही चार-पांच जोड्यांत एका जोडीचे हात असे भिन्न असतात. या भेदांत आनुवंशिकतेचा वांटा शेंकडा २५ च्या आसपासच आहे. वाचेचें केंद्र बहुधा मेंदूच्या डाव्या अर्धांत असतें, असें पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनीं १८६५ सालीं मांडलें. डावखुऱ्यांपैकींही शेंकडा ७० जणांत तें डावीकडेच असतें. तेव्हां हातावरून मेंदू ओळखणें धाडसाचेंच! मात्र कांहीं जुळ्यांत एकाचें केंद्र डावीकडे, तर दुसऱ्याचें उजवीकडे, असेंही मेंदूच्या चित्रणांत आढळलें आहे.

तो धाकटा अखेर उजव्या हातानें लिहूं लागला. अक्षर भावासारखें कधींच झालें नाहीं. मधल्या सुटींत चेंडू मात्र तो डाव्याच हातानें फेकी, आणि तोही माझी पाठ वळल्यावर.