बर्फातली नीळ

श्रोतेहो, आमच्या कळवणला बर्फ पडत नाही. फार तर अवकाळी गारा पडतात, आणि त्या पाहून कांदेवाल्या शेतकऱ्याला काही चित्र सुचत नाही. तरीही आज मी फ्रान्समधल्या एका बर्फाळ वाटेविषयी बोलणार आहे. त्या वाटेने माझ्या विद्यार्थ्यांना आपलीच गल्ली पाहायला शिकवले, असा चित्रकलेचा शिक्षक म्हणून माझा अनुभव आहे.

आल्फ्रेड सिस्ले या चित्रकाराने १८७८ साली ‘लूव्हसिएनमधील बर्फ’ हे चित्र रंगवले. लूव्हसिएन हे पॅरिसजवळचे खेडे. मूळ चित्र पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. मी पाहिले ते पुस्तकात छापलेले. चित्रात घडत काहीच नाही. अरुंद वाट, दोन्ही बाजूंना कुंपण आणि झाडे, साऱ्यावर बर्फ आणि वाटेवर एक एकटी काळसर आकृती.

वर्गात “बर्फाचा रंग कोणता?” असे विचारले की मुले एका सुरात म्हणतात, “पांढरा!” मग मी चित्राशेजारी कोरा कागद धरतो. तोच बर्फ आता निळसर, राखाडी दिसू लागतो.

सिस्ले, मोने, पिसारो ही मंडळी दृक्प्रत्ययवादी, म्हणजे इम्प्रेशनिस्ट. त्यांचे पहिले प्रदर्शन १८७४ साली भरले. सावली काळी-तपकिरी रंगवायची, हा चित्रशाळेतला रिवाज. यांनी उघड्यावर उभे राहून पाहिले. सावलीत सूर्याचे थेट ऊन पोचत नाही, पण निळ्या आकाशाचा उजेड पोचतो. म्हणून उन्हातल्या बर्फावरची सावली निळी दिसते. मोनेने ‘मॅगपाय’ या चित्रात कुंपणाची सावली अशीच निळी रंगवली. १८६९ च्या सरकारमान्य सलोन प्रदर्शनाने ते चित्र नाकारले.

पांढऱ्याचे आणि निळ्याचे हे नाते आपल्या आयाबहिणींना ठाऊक आहेच. धोतर पिवळट पडले की त्या बादलीत नीळ टाकतात. गंमत म्हणजे निळीच्या भुकटीत वापरले जाणारे कृत्रिम अल्ट्रामरीन फ्रान्समध्ये १८२८ च्या सुमारास गिमे यांनी तयार केले, आणि तोच स्वस्त निळा रंग या चित्रकारांच्याही हाती आला!

आता मुद्द्याचे. एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षांची तयारी करताना मुले डोंगर म्हणून दोन त्रिकोण काढतात आणि मध्ये सूर्य बसवतात. प्रत्यक्षात इथून सातमाळा रांग दिसते. तिचे माथे सपाट, कडे उभे कापलेले. पण पाठ केलेला डोंगर डोळ्यांसमोरच्या डोंगराला झाकून टाकतो. मुलाचा स्वतःच्या नजरेवरचा विश्वास इथेच उडतो, आणि पुढे तो चित्रापुरता राहत नाही.

सिस्लेने हा विश्वास महागात विकत घेतला. १८७० च्या युद्धानंतर घरची श्रीमंती गेली, चित्रे कवडीमोलाने गेली. १८९९ साली तो गरिबीतच वारला. पुढच्याच वर्षी त्याचे पुराचे एक चित्र ४३ हजार फ्रँकला विकले गेले.

श्रोतेहो, उद्या सकाळी ऊन आले की चुन्याने रंगवलेल्या भिंतीवरची झाडाची सावली घरातल्या मुलाला दाखवा. रंग कोणता, ते मात्र त्यालाच सांगू द्या.