सरळ उभं राहा!



संयोजकांचा फोन आला तेव्हाच मी त्यांना सांगितलं, मी योगतज्ज्ञ नाही. तीन वर्षांची विद्यार्थिनी आहे, तीही मागच्या बाकावरची. ते म्हणाले, ‘म्हणूनच बाई. तज्ज्ञ पुष्कळ येऊन गेले.’ तेव्हा आज अमृतसिद्धी, कुंडलिनी वगैरे काही मिळणार नाही. पहिले काही आठवडे कसे जातात, तेवढंच सांगते.

मी ३४ वर्षं माध्यमिक शाळेत गणित शिकवलं. कवायतीचे सर रजेवर असले की मैदानही माझ्याच गळ्यात पडायचं. ‘सावधान! विश्राम! ए तिसऱ्या रांगेतल्या, सरळ उभा राहा!’ माझा आवाज शाळेच्या फाटकाबाहेर ऐकू जायचा म्हणे. आणि ६१व्या वर्षी योगवर्गात गेले तेव्हा कळलं, की सरळ उभं राहणं मलाच येत नाही.

त्याआधी एकदा तोंड पोळलं होतं. संयुक्त राष्ट्रांनी २१ जून हा योगदिन ठरवला आणि २०१५पासून गावोगावी मैदानं भरू लागली. निवृत्तीच्या वर्षी मीही अशाच एका मैदानात गेले. कुठल्या, ते सांगत नाही. मंचावर ध्वनिक्षेपक, समोर शेकडो माणसं, आणि माझ्या पुढच्या रांगेत एक विशीतली मुलगी. ती वाकली की तिचे तळवे सतरंजीला लागत. माझी बोटं गुडघ्याखाली जेमतेम चार इंच. इरेला पेटून मी हिसके द्यायला लागले. तिसऱ्या हिसक्याला कमरेत उसण भरली. पुढचे आठ दिवस गरम पाण्याची पिशवी आणि मुलाचं ऐकून घेणं.

हिसक्यानं काय होतं, ते मला नंतर समजलं. स्नायू एकदम ताणला की तो स्वतःला वाचवण्यासाठी उलट आखडतो. तशी त्याची रचनाच आहे. सावकाश ताणला, थोडा वेळ थांबलात, तर तो सोडतो. शिवाय आपण समजतो की बोटं पोचत नाहीत म्हणजे हात तोकडे पडतात. अडतं भलतीकडेच. मांडीमागचे स्नायू वर बैठकीच्या हाडाला बांधलेले असतात. ते आखडलेले असले की कंबरेचं हाड पुढे कलत नाही, मग वाकण्याचं सगळं काम पाठीच्या मणक्यांवर येतं. कामचुकार एक, मार खातो दुसरा. वर्गात मी हे आयुष्यभर पाहिलं होतं.

दुसऱ्यांदा गेले ती एका छोट्या वर्गात. दहाबारा जण, भिंतीला दोर टांगलेले, कोपऱ्यात लोड, घोंगड्या, लाकडी विटा, घडीच्या लोखंडी खुर्च्या. मला वाटलं, मंगल कार्यालयाच्या कोठीघरात आले की काय! शिकवणाऱ्या ताई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी माझा रक्तदाब विचारला, पाठीचं विचारलं, जेवून किती वेळ झाला ते विचारलं आणि मग दारात जाऊन माझ्या चपला उलट्या करून पाहिल्या. उजव्या चपलेची टाच बाहेरच्या अंगाला पार झिजली होती. म्हणाल्या, ‘काकू, तुम्ही उजव्या पायाच्या काठावर उभ्या राहता.’ मी म्हटलं, छे! मग त्यांनी मला ताडासनात उभं केलं.

अंगठे जुळवा. टाचा जुळवा. वजन चवड्यावर किती, टाचेवर किती? डाव्या पायावर किती? गुडघ्याच्या वाट्या वर ओढा. खांदे कानांपासून खाली. पोट नका फुगवू. आता श्वास घ्या. मिनिटभरात माझ्या मांड्या थरथरायला लागल्या. काहीही न करता! डावी टाच मला सापडेचना. म्हणजे होती जागेवरच. मला तिची खबर नव्हती. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या टाचा जुळवून घेतल्या, पण ‘सावधान’ म्हणताना मी बाहेरून बघत होते. इथे आतून बघायचं होतं.

या दोर-विटांच्या पद्धतीचे जनक बी. के. एस. अय्यंगार. ते १९३७ साली पुण्यात शिकवायला आले तेव्हा पुरते १९ वर्षांचेही नव्हते. मराठी येत नव्हतं आणि समोरचे विद्यार्थी त्यांच्यापेक्षा दणकट. लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय अशी दुखणी काढलेला हा मुलगा सुरुवातीला वाकला तर हात कसेबसे गुडघ्यांपर्यंत पोचायचे. हे ऐकलं तेव्हा मला फार बरं वाटलं. १९६६च्या त्यांच्या ‘लाइट ऑन योग’ या पुस्तकात २०० आसनं आहेत. पहिलं ताडासन, शेवटचं शवासन. म्हणजे उभं राहण्यापासून आडवं पडण्यापर्यंत. आपल्याला वाटतं ही दोन तर येतातच, मधली १९८ शिकायची!

आपल्या सातारा जिल्ह्यात योग म्हटलं की लोक थेट सूर्यनमस्कार काढतात. त्यात नवल नाही. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी ते आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये नेले. माझा त्याला विरोध नाही. पण शाळेतल्या पोराचा पहिला धडा साठीच्या बाईचाही पहिला धडा असेलच असं नाही. पतंजलींच्या जवळपास दोनशे सूत्रांत आसनावर उणीपुरी तीन आहेत, आणि बसणं डळमळू नये, सुखाचं असावं, एवढीच त्यांची अट. त्या मैदानात यातलं एकही नव्हतं.

वर्गात आमची सगळ्यांची एक चोरी रोज पकडली जायची. अवघड काही आलं की आम्ही श्वास कोंडायचो. ताई ओरडायच्या नाहीत. हळूच जवळ येऊन विचारायच्या, ‘काकू, आज भाजी कसली?’ आणि तोंडातून ‘घेवडा’ निघायचा नाही. निघाला नाही की समजायचं, श्वास अडकलाय. मग त्या दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर ठेवायला लावायच्या. खुर्ची घेतली की मला कॉपी केल्यासारखं वाटे. बोटं अजून टेकत नाहीत, पण पाठ सपाट राहते आणि घेवडा निघतो.

वज्रासनात घोटे दुखले तेव्हा आईची आठवण झाली. ती ऐंशीव्या वर्षी विळीवर एक गुडघा उभा करून बसायची, कोथिंबीर चिरायची आणि हाताचा आधार न घेता उठायची. आमच्याकडे आधी ओटा आला, मग डायनिंग टेबल आलं, मग कमोड आला. सगळं मीच हौसेनं आणलं. आता त्याच बसण्यासाठी महिन्याची फी भरते.

शवासन मला पहिल्या दिवशी जमलं असं वाटलं होतं. ताई म्हणाल्या, ‘ते शवासन नव्हतं, तुम्ही घोरत होता.’

गेल्या महिन्यात चपला दुरुस्तीला टाकल्या. दुकानातल्या काकांनी त्या उलट्या करून पाहिल्या आणि म्हणाले, ‘बाई, या वेळी डावीपण झिजलीय की!’ मी त्यांना पेढे देणार होते.