मध्यरात्रीची घंटा

मी सध्या तमिळनाडूत, ओरत्तनाडूला आहे. तंजावरहून पट्टुकोट्टईच्या रस्त्याला लागलं की वीस-पंचवीस किलोमीटरवर हे गाव येतं. आजूबाजूला भाताची शेतं, नारळाची झाडं आणि गावात एक मोठं जुनं छत्र, मुक्तांबाळ छत्र. आपल्या भोसल्यांच्या तंजावर शाखेतल्या दुसऱ्या सरफोजी राजांनी ते एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलं. मुक्तांबाळ ही राजांची प्रिया. आपल्या नावानं एक छत्र उभारावं, अशी तिची शेवटची इच्छा होती, असं इथं सांगतात.

मी सार्वजनिक आरोग्यात संशोधन करते. ऑपरेशननंतर माणसाचं पुढं काय होतं, हा माझा एक विषय. एचआयव्हीचा प्रसार कसा रोखायचा, हा दुसरा. अशा बाईचं या छत्राशी काय काम, असं तुम्हाला वाटेल. ते सांगण्याआधी मी माझी एक चूक सांगते.

२०१२ सालची गोष्ट. महाराष्ट्रातल्या एका रुग्णालयात मी ऑपरेशनच्या नोंदी तपासत होते. ऑपरेशननंतर महिन्याभरात किती जणांची जखम चिघळली, किती जणांना पुन्हा दाखल करावं लागलं, हे मोजायचं होतं. रजिस्टर बघून मी आकडे काढले. आकडे फार चांगले आले. साहेब खूश, मीही खूश.

अहवाल देऊन झाल्यावर एक गोष्ट मनाला खुपायला लागली. बऱ्याच नावांपुढं ‘पुन्हा आले नाहीत’ असा शेरा होता. त्या सगळ्यांना मी ‘त्रास नाही’ या रकान्यात टाकलं होतं. आले नाहीत, म्हणजे बरे असणार!

समजा, शंभर जणांचं ऑपरेशन झालं. साठ परत आले आणि त्यातले सत्तावन्न ठणठणीत निघाले. आपण म्हणणार, पंचाण्णव टक्के यश. पण उरलेल्या चाळीस जणांचं काय? त्यांतले काही खरोखर बरे असतील. काही दुसऱ्या डॉक्टरकडं गेले असतील. काही या जगात नसतील. ज्याला सगळ्यात जास्त त्रास झाला, तोच परत येण्याची शक्यता कित्येकदा सगळ्यात कमी असते.

मग मी त्या नावांतली काही माणसं शोधायला निघाले. त्यांत एक बाई होत्या. त्यांची ओळख पटेल असं काही सांगणार नाही. गर्भपिशवीचं ऑपरेशन झालेलं. त्यांना एचआयव्ही होता, नवऱ्याला नव्हता. गावातल्या आशाताई सोबत आल्या, पण दाराबाहेरच थांबल्या. बाई मला म्हणाल्या, “ताई, मी एकदा आले होते टाके दाखवायला. माझ्या केसपेपरवर लाल शाईची मोठी खूण होती. रांगेत शेजारच्या गावची माणसं होती. आतनं कोणीतरी ओरडलं, ती लाल खुणेची बाई कुठं आहे? मी तशीच मागं फिरले.”

जखम चिघळली होती. शेळी विकून त्यांनी खासगी डॉक्टरकडं उपचार घेतले. पण मी घाबरले ते पुढचं ऐकून. एचआयव्हीच्या गोळ्याही त्याच आवारात मिळायच्या, त्यामुळं तीन महिने त्या गोळ्यांनाही गेल्या नव्हत्या.

हे किती गंभीर आहे, ते माझ्या क्षेत्रातल्या माणसाला त्या वर्षी चांगलंच माहीत होतं. कारण आदल्याच वर्षी, २०११ मध्ये, एचपीटीएन ०५२ या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले होते. नऊ देशांतली १,७६३ जोडपी, प्रत्येकात एकाला एचआयव्ही आणि दुसऱ्याला नाही. त्यांत आपल्याकडची जोडपीही होती, पुण्याची आणि चेन्नईची. निम्म्या जोडप्यांत बाधित जोडीदाराला लगेच गोळ्या सुरू केल्या. उरलेल्यांत प्रतिकारशक्ती एका पातळीच्या खाली गेल्यावर, म्हणजे तेव्हाच्या रीतीप्रमाणं. ज्यांच्या बाबतीत विषाणू जोडीदाराकडूनच आल्याचं तपासणीत सिद्ध झालं, असे २८ जण निघाले. त्यांतले २७ उशिरा गोळ्या सुरू केलेल्या गटातले. लगेच सुरू केलेल्या गटातला फक्त एक. संसर्ग ९६ टक्क्यांनी कमी झाला होता. गोळ्या नियमित घेतल्या की रक्तातला विषाणू इतका दबतो की तो जोडीदाराकडं पोचत नाही. म्हणजे उपचार हाच प्रतिबंध.

आता बघा. त्या बाईंच्या गोळ्या थांबल्या होत्या आणि नवरा घरात होता. एका लाल खुणेनं आणि एका हाकेनं दोन माणसं धोक्यात आली होती. आणि माझ्या अहवालात त्या ‘त्रास नाही’ या रकान्यात होत्या.

दुसऱ्या तालुक्यातल्या केंद्रावर त्यांच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. नवऱ्याची तपासणी केली. ते दोन तास मी बाहेरच्या बाकावर बसून होते. तपासणी निगेटिव्ह आली. काही महिन्यांनी पुन्हा केली, तेव्हाही निगेटिव्ह. अहवाल मी मागून घेतला आणि दुरुस्त करून दिला. आकडे पहिल्याइतके चांगले राहिले नाहीत.

त्यानंतर मी जुन्या नोंदी कुठं, कशा ठेवल्या होत्या, हे शोधायला लागले आणि तंजावरला पोचले. तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात सरफोजी राजांच्या काळातल्या डोळ्यांच्या रुग्णांचे केसपेपर जपलेले आहेत. सुमारे दोनशे वर्षांपूर्वीचे, इंग्रजीत लिहिलेले, चाळीसहून अधिक रुग्णांचे. राजे स्वतः मोतीबिंदू काढत, अशी गोष्ट लोक हौसेनं सांगतात. कागदांत डॉक्टर म्हणून मॅकबीन यांचं नाव येतं. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. रुग्ण कोण, तक्रार काय, डोळा कसा दिसत होता त्याचं रंगीत चित्र, उपचार काय केला, आणि त्यानंतर डोळा कसा होता. ऑपरेशन झालं, इथं तो कागद थांबत नाही.

पण नुसती नोंद पुरत नाही, हे त्या लाल खुणेनं मला शिकवलं होतं. नोंदीची बेडीही होते. आपल्या गोव्यातलं उदाहरण घ्या. डॉमिनिक डिसोझा हा तरुण नियमित रक्तदान करायचा. रक्ताच्या तपासणीत त्याला एचआयव्ही आढळला. फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलिसांनी त्याला उचललं आणि क्षयरोग्यांच्या एका जुन्या इमारतीत ६४ दिवस कोंडून ठेवलं. त्याची आई लुसी हायकोर्टात गेली. संमती आणि गुप्तता यांना कायद्याचं बळ मिळायला २०१७ चा एचआयव्ही कायदा यावा लागला.

याच्या उलट एक माणूस दाखवते. डॉ. सुनीती सॉलोमन, माहेरच्या गायतोंडे, चेन्नईतल्या मराठी घरातल्या. १९८६ मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली डॉ. निर्मला या विद्यार्थिनीनं रक्ताचे नमुने गोळा केले आणि भारतातल्या पहिल्या एचआयव्ही बाधितांचा शोध लागला. पुष्कळ जण तिथं थांबले असते. सुनीतीबाईंनी १९९३ मध्ये वडिलांच्या नावानं वाय. आर. गायतोंडे केंद्र काढलं, तपासणी, समुपदेशन आणि उपचारांसाठी. आधी सांगितलेल्या अभ्यासातली चेन्नईची जोडपी याच केंद्रातली. पुण्याची होती भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतली. ती जोडपी पुन्हा पुन्हा आली, म्हणून जगाला ते ९६ टक्के कळले. जिथं आपला पाणउतारा होतो, तिथं कोण वर्षानुवर्षं येईल?

आता या छत्राकडं येते. राजांकडं तेव्हा राज्य असं फारसं उरलं नव्हतं. १७९९ च्या तहानं कारभार कंपनीकडं गेला होता. तरी छत्रं आपल्या हाती राहावीत म्हणून राजांनी १८०१ मध्ये कंपनीचा रेसिडेंट बेंजामिन टोरिन याला पत्र लिहिलं. छत्रांत काय चालतं, ते त्यात सांगितलं आहे. रामेश्वराला जाणाऱ्या वाटसरूंना जेवण मिळे. आजारी पडलेल्याला वैद्य मिळे आणि बरं होईपर्यंत राहता येई. बाळंतिणीची सोय होई, तान्ह्या मुलांना दूध मिळे. आणि एक बारीकशी गोष्ट: मध्यरात्री जेवणं आटोपत आली की घंटा वाजवत. जे अजून आले नाहीत, त्यांनी यावं, त्यांचा भात राखून ठेवला आहे, म्हणून.

हे वाचलं तेव्हा मला माझं रजिस्टर आठवलं. आलेल्यांना वाढणं हे काम आहेच. पण कोण आलं नाही, हे विचारून त्याला हाक मारणं हेही त्याच कामात येतं. आणि हाक अशी हवी की माणूस लाजून मागं फिरणार नाही.

तुमच्यातले जे दवाखान्यात, आरोग्य केंद्रात, शिबिरात काम करतात, त्यांना माझी एक विनंती आहे. शंभर ऑपरेशनं झाली, हजार तपासण्या झाल्या, असा आकडा समोर आला की विचारा, किती जण परत आले? आले नाहीत त्यांचं काय झालं? त्यांच्या घरी कोण गेलं? आणि त्यांच्या कागदावर कुणी लाल खूण तर केली नाही ना?

त्या बाई अजून गोळ्या घेतात. तब्येत बरी आहे. दिवाळीला त्यांचा फोन येतो. एवढंच सांगायचं होतं.