बिटाचा रस आणि रक्तदाब

बिटाच्या रसातल्या नायट्रेटनं रक्तदाब उतरतो का, हे तपासायचं तर तुलनेसाठी दुसऱ्या गटाला प्यायला काय द्यायचं? पाणी दिलं तर लगेच ओळखू येणार! लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात यावर सुरेख तोड काढली. दोन्ही गटांना रोज २५० मिलिलिटर बिटाचाच रस. एकातलं नायट्रेट तेवढं काढून टाकलेलं. चार आठवड्यांत नायट्रेटवाल्या गटाचा वरचा रक्तदाब सरासरी सुमारे ८ अंकांनी उतरला. मेख अजून एक आहे. रक्तदाब उतरायला नायट्रेटचं आधी नायट्राइट व्हावं लागतं; ते काम करतात जिभेवरचे जिवाणू, आणि जंतुनाशक माउथवॉशनं ते मरतात. म्हणून सहभागी माणूस चुळा कशानं भरतो, हे अशा अभ्यासात आधीच विचारायला हवं.