साखर, मीठ आणि अतिदक्षता विभाग

मंडळी, मी वैद्य नाही. महाविद्यालयात इतिहास शिकवतो. तेव्हा या विषयावर बोलायचा मला अधिकार काय, असं कुणी विचारलं तर तो प्रश्न रास्तच आहे. पण काही वर्षांपूर्वी भर उन्हाळ्यात देऊळघाटच्या माझ्या मामांना घेऊन मी एका दवाखान्यात गेलो आणि अतिदक्षता विभागाच्या बाहेरच्या बाकावर चार दिवस बसून राहिलो. त्या बाकावर मी जे प्रश्न ऐकले, आणि खरं सांगायचं तर जे प्रश्न मीच आवाज चढवून विचारले, त्यांची उत्तरं मी पुढे डॉक्टरांकडून समजून घेतली, पुस्तकांतून ताडून पाहिली. तीच आज तुमच्यापुढे ठेवतो. असा बाक कुणाच्याही नशिबी येऊ नये, पण येतो.

मामांना मधुमेह जुना. इन्सुलिनची सुई ते स्वतःच टोचून घेत. त्या आठवड्यात त्यांना ताप आला, वांत्या सुरू झाल्या, दोन दिवस अन्न पोटात ठरेना. तेव्हा त्यांनी शेतकरी माणसाचा सरळ हिशेब केला : पोटात भाकरीच नाही, तर सुई कशाला? सुई बंद केली. तिसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा ते अंगणातल्या खाटेवर पडून खोल, जोरजोरात श्वास घेत होते, आणि तोंडाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास येत होता. मामीला वाटलं दमा उठला. तो दमा नव्हता.

हिशेब चुकला तो इथे. माणूस जेवला नाही तरी त्याचं यकृत रक्तात साखर सोडतच असतं, आणि आजारपणात तर जास्तच सोडतं. ती साखर पेशींत शिरायला इन्सुलिन लागतं. ते नसलं की रक्तात साखरेचा पूर आणि पेशींत मात्र दुष्काळ. मग शरीर चरबी जाळायला घेतं, आणि त्या जळणातून कीटोन नावाची आम्लं तयार होऊन रक्तात साठतात. तो वास त्यांचा, आणि तो श्वासही आम्ल बाहेर टाकण्याची धडपड. इन्सुलिन पहिल्यांदा १९२२ साली रुग्णाला दिलं गेलं. त्याआधी या अवस्थेतून माणूस परत येत नसे.

दवाखान्यात संध्याकाळी सहाला पोचलो. साखर निघाली ५४०. सलाईन लागलं. मी म्हटलं, आता इन्सुलिन द्या म्हणजे झालं. तर डॉक्टर म्हणाले, "सर, अजून नाही. यांचं पोटॅशियम ३.१ आहे. आधी ते वर आणू, मग इन्सुलिन." माझा मामेभाऊ संतापला. साखर साडेपाचशे, आणि हे म्हणतात थांबा! मीही त्याचीच बाजू घेतली. आज त्या भांडणाची लाज वाटते, कारण त्या थांबण्यानेच मामा वाचले.

पोटॅशियमचं गणित असं आहे. पेशी म्हणजे घरातल्या खोल्या आणि रक्त म्हणजे अंगण, असं धरा. शरीरातल्या शंभर भाग पोटॅशियमपैकी जवळजवळ अठ्ठ्याण्णव भाग खोल्यांत असतं. अंगणात उरतं ते अगदी थोडं, लिटरमागे ३.५ ते ५ इतक्या मापाचं. पण हृदयाचा ठोका त्या थोड्यावर चालतो. कमी झालं तरी ठोका अडखळतो, जास्त झालं तरी. आता मधुमेहाच्या या संकटात दिवसभर लघवी होत राहते आणि तिच्यावाटे पोटॅशियम वाहून जातं. तेवढ्यात तुम्ही इन्सुलिन दिलंत, की खोल्यांची दारं उघडतात. साखर आत जाते आणि तिच्यामागोमाग अंगणातलं पोटॅशियमही आत जातं. आधीच ३.१ असलेलं आणखी खाली घसरलं, तर साखर उतरत असतानाच हृदय बंद पडू शकतं. कागदावर साखर सुधारली, आणि माणूस गेला!

बरं, पोटॅशियम घाईने भरावं तर तेही नाही. ते पातळ न करता एकदम शिरेत गेलं तर हृदय थांबतं. म्हणून ते सलाईनमध्ये मिसळून, यंत्राने मोजून, ठोक्यांच्या पडद्याकडे डोळे लावून सोडतात. सांगून ठेवतो, सलाईन लवकर संपावं म्हणून नळीवरचं चाक सैल करणारे नातेवाईक मी साध्या वॉर्डात डोळ्यांनी पाहिले आहेत. त्या बाटलीत काय मिसळलंय हे त्यांना ठाऊक नसतं.

रात्री नऊच्या सुमारास इन्सुलिन सुरू झालं, तेही पंपातून, थेंबाथेंबाने. दर तासाला साखर तपासायची. ती तासाला पन्नास ते पाऊणशेने उतरावी, यापेक्षा जोरात नको, असा बेत होता. पहाटे चारला ती सव्वादोनशेवर आली, आणि नर्सबाईंनी ग्लुकोजची बाटली आणून अडकवली. आता मामीचा धीर सुटला. "अहो, साखरेनंच तर यांची ही गत झाली, अन् तुम्ही साखरच काहून चढवून राह्यले?"

मामीचा प्रश्न अडाणी नव्हता. माझ्याही ओठांवर तोच होता. उत्तर असं, की साखर उतरते आधी आणि रक्तातलं आम्ल जातं नंतर. आम्ल जायला इन्सुलिन चालूच ठेवावं लागतं. पण नुसतं इन्सुलिन चालू ठेवलं तर साखर पार तळाला जाऊन मेंदू उपाशी राहील. म्हणून एका हाताने इन्सुलिन आणि दुसऱ्या हाताने ग्लुकोज. पहाटेच्या त्या नर्सबाईंनी हे दोन वाक्यांत समजावलं आणि वर मामीला चहा पाजला. मोठ्या माणसांची नावं आपण इतिहासात शिकवतो; हे मात्र कुठे लिहून ठेवलेलं नसतं.

बाकावर आमच्या शेजारी घाटाखालचं, पूर्णेकडचं एक कुटुंब होतं. त्यांच्या आईला जुलाब होऊन भ्रम झाला होता. ती रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेत होती, आणि जुलाबात घरच्यांनी तिला साधं पाणी मात्र भरपूर पाजलं होतं. पाणी भरलं, मीठ गेलं. सोडियम १३५ ते १४५ असावं, ते ११२ निघालं. मुलाचा हट्ट, की आजच्या आज १३५ करा, पैसे लागले तर सांगा. डॉक्टर म्हणाले, दिवसाला आठापेक्षा जास्त चढवायचं नाही. कारण मेंदूच्या पेशी हळूहळू त्या कमी मिठाला सरावलेल्या असतात. एकदम मीठ वाढलं तर त्यांतलं पाणी झपाट्याने ओढलं जातं, मज्जातंतूंवरचं आवरण झडतं, आणि शुद्धीवर येणारा माणूस काही दिवसांनी लुळा पडतो, बोलेनासा होतो. मी त्या मुलाला म्हटलं, तुम्ही तर खारपाणपट्ट्यातले. तिथल्या जमिनीतलं मीठ एका ओलिताने धुऊन निघतं का? उलट पाणी जास्त झालं की खार वर येतो. तो थोडा हसला. चार दिवसांत त्याच्या आईने त्याला नावाने हाक मारली.

आता तुम्ही म्हणाल, हे सावकाशीचं शास्त्र डॉक्टरांना पहिल्यापासून ठाऊक होतं का? नव्हतं. साखरेच्या बाबतीत तर अगदी अलीकडे, ठेच लागून कळलं. २००१ साली बेल्जियममधल्या लूव्हेन येथे १५४८ रुग्णांवर एक प्रयोग झाला. अतिदक्षता विभागातली साखर निरोगी माणसाइतकी, म्हणजे ८० ते ११० ठेवली, तर तिथले मृत्यू शंभरातून आठावरून साडेचारपर्यंत उतरले. जगभर आनंद झाला आणि बहुतेकांनी तोच मार्ग धरला. मग ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा इकडच्या रुग्णालयांनी मिळून ६१०४ रुग्णांवर तेच पुन्हा तपासलं. २००९ साली निकाल आला तो उलटा : साखर कडक आवळून धरलेल्यांत ९० दिवसांत शंभरी २७.५ दगावले, आणि १८०च्या आत राहू दिलेल्यांत २४.९. साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचे प्रसंग पहिल्या गटात कितीतरी जास्त. बेशुद्ध माणसाला घाम फुटला, भोवळ आली, तरी तो सांगणार कसा? तेव्हापासून बहुतेक ठिकाणी १४० ते १८०च्या दरम्यान साखर ठेवतात. तुमच्या रुग्णाची साखर १६५ दिसली आणि डॉक्टर शांत असले, तर ती हयगय नव्हे. आणखी एक : रक्तदाब खाली गेलेल्या, हातपाय गार पडलेल्या रुग्णाच्या बोटातल्या थेंबावर यंत्र फसू शकतं, म्हणून अशा वेळी रक्त शिरेतून किंवा धमनीतून घेऊन तपासतात. "बोट टोचलं असतं तर भागलं असतं," असं म्हणू नका.

पण साखर वाढली तरी चालते, असाही याचा अर्थ नाही. २०२१चा उन्हाळा आठवा. करोनात प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांना डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड जीवदान देतं, हे २०२० साली सिद्ध झालं होतं. मात्रा दिवसाला ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. आपल्याकडे दुसऱ्या लाटेत अनेकांना ते गरज नसताना, मोठ्या मात्रेत, लांबवून दिलं गेलं. स्टिरॉइडने साखर चढते. ती मोजायला घरी कुणी नव्हतं. करोनातून उठलेली माणसं आठ-पंधरा दिवसांनी गाल सुजून, डोळा दुखून परत आली. ती काळी बुरशी, म्युकरमायकोसिस. साखर चढलेली, रक्त आम्लाकडे झुकलेलं, अशी जमीन त्या बुरशीला मानवते. महाराष्ट्रात कित्येकांचे डोळे, जबडे काढावे लागले. मे २०२१मध्ये केंद्राने राज्यांना या रोगाची नोंद सक्तीची करायला सांगितलं. आणि पाहा, त्यावरचं औषध, अ‍ॅम्फोटेरिसिन, तेही मूत्रपिंडांतून पोटॅशियम आणि मॅग्नेशियम गळायला लावतं. म्हणजे फिरून साखर आणि क्षार, दोन्हींवर पहारा.

गावोगावच्या शिक्षकांना माझं खास सांगणं आहे, कारण रिपोर्टाचा कागद वाचायला माणसं तुमच्याकडेच येतात. ताप-वांत्यांत इन्सुलिन मनाने बंद करू नका, असं त्यांना सांगा. किती घ्यायचं ते डॉक्टरांना विचारा, चार-चार तासांनी साखर तपासा. काही गोळ्या मात्र अशा वेळी थांबवाव्या लागतात. साखर लघवीवाटे बाहेर टाकणाऱ्या ज्या नव्या गोळ्या आहेत, त्यांच्यामुळे तर साखर फारशी न चढताही रक्तात आम्ल साठू शकतं. म्हणून दवाखान्यात जाताना गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकून न्या, नुसतं "पांढरी गोळी" म्हणून भागत नाही. खोल श्वास, गुंगी, थांबत नाही अशी उलटी दिसली तर सकाळची वाट पाहू नका, १०८ला फोन करा. आणि रुग्ण आत असताना उशाशी लपवून काही देऊ नका. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. मूत्रपिंड थकलेल्या माणसाला प्रेमाने पाजलेलं शहाळं त्याच्या हृदयावर येऊ शकतं. कमी सोडियमचं म्हणून विकतात त्या मिठाचंही तेच.

मामा सातव्या दिवशी घरी आले. मामीने आता मुलाच्या जुन्या शाळेच्या वहीत रेघा मारून रकाने पाडले आहेत : तारीख, साखर, सुई, जेवण. मागच्या पावसाळ्यात मामांना पुन्हा ताप आला तेव्हा तिने वही उघडून आधी डॉक्टरांना फोन लावला, मग मला. मामा मात्र पारावर बसून अजून लोकांना सांगतात, की मधुमेहाच्या माणसाला साखर चढवणारा दवाखाना आपण या डोळ्यांनी पाहिला.